झडती

पोळा होऊन आठ दिवस झाले, पण माझ्या डोक्यातला बैल अजून तोरणाखालीच उभा आहे.

वऱ्हाडातल्या माणसाला पोळा समजावून सांगावा लागत नाही. तरी अमरावतीच्या कॅम्पात आणि अकोल्याच्या रामदासपेठेत फ्लॅटमध्ये वाढलेल्या, बाजारातून मातीचा बैल आणून पुजणाऱ्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. आदल्या दिवशी खांदमळणी. वर्षभर जू वाहून सोलवटलेल्या खांद्याला हळद आणि तूप. बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण. दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, पुरणाची पोळी आणि गावभर मान. तिसऱ्या दिवशी तोच खांदा अन् तेच जू.

आत्याच्या गावी यंदा पोळा दोनदा झाला. एकदा बैलांचा आणि त्याच्या दहा दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्राचा.

गावाचं नाव सांगत नाही. खारपाणपट्ट्यात आहे, एवढं पुरे. आत्या सत्तरीची. बीपीची गोळी चालू आहे, रोज एक. गोळ्या संपल्या म्हणून ती सकाळी नऊला पीएचसीत गेली, तर फाटकापाशी ठिपक्यांची रांगोळी. आत्याला आधी वाटलं, कोणी मंत्री मेला की आला. वऱ्हांड्यात कोरं पायपुसणं. खाटांवर चादरी, त्यांच्या घड्यांच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. खिडकीला पडदा. आणि तीन उन्हाळे बंद असलेला भिंतीवरचा पंखा चक्क फिरत होता. त्या पंख्याकडे पाहूनच तिला कळलं म्हणे, की आज आपलं काही खरं नाही.

सिस्टर लगबगीनं बाहेर आली.

"आजी, आज कायले आल्या? आज तपासनी हाये. वरून मान्सं येऊन राह्यले."

"गोळ्या सरल्या ना बाई."

"उद्या या ना माय. आज गर्दी नका करू."

"म्या एकलीच तं आली. गर्दी कुठी केली?"

आत्या घरी आली. तिच्यासारख्या आणखी पाच-सहा जणी परतल्या. ज्या दिवशी रुग्णसेवेचा दर्जा मोजायचा होता, त्या दिवशी दवाखान्यात फिनाईलचा वास होता, फाइली होत्या, साहेब होते, नाश्त्याला आलुबोंडे होते. रुग्ण तेवढा नव्हता. चकचकीत फरशीवर चिखलाच्या चपला घालून येणारा एकमेव प्राणी तोच, तेव्हा स्वच्छतेच्या गुणांना त्याचाच धोका.

सिस्टरवर माझा राग नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. ती आदल्या रात्री अकरापर्यंत बादल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती, हे मला आत्यानंच सांगितलं. आत्याचाही तिच्यावर राग नाही. पंख्यावर आहे.

*

आता ही तपासणी म्हणजे काय, ते पाहू. 'कायाकल्प' ही केंद्र सरकारची योजना २०१५ सालची. आवार, स्वच्छता, कचरा, जंतुसंसर्गाला आळा असल्या गोष्टींचे गुण मोजायचे. आधी दवाखान्यानं स्वतःलाच गुण द्यायचे. मग दुसऱ्या दवाखान्याच्या लोकांनी येऊन द्यायचे. मग बाहेरच्या पथकानं. दुसऱ्या टप्प्यात या आठवड्यात तुम्ही आमच्याकडे आलुबोंडे खा, पुढच्या आठवड्यात आम्ही तुमच्याकडे, असा शेजारधर्म चालतो. १०० पैकी ७० पडले की गंगेत घोडं न्हालं. जिल्ह्यात पहिल्या आलेल्या पीएचसीला २ लाख रुपये आणि ७० ची रेघ ओलांडलेल्या बाकीच्यांना ५० हजार उत्तेजनार्थ.

त्याच्या वरची यत्ता म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं. दवाखान्यातली माणसं त्याला 'एनक्वास' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा दहावीच्या बीजगणिताच्या पेपराला बसल्यासारखा होतो. आठ विभाग. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण. इथेही पासाची रेघ बहुधा ७० टक्क्यांचीच, प्रमाणपत्र तीन वर्षांचं. मुद्दा तपासायचे चार मार्ग सांगितले आहेत : डोळ्यांनी पाहणं, कर्मचाऱ्याला विचारणं, नोंदी चाळणं आणि रुग्णाशी बोलणं.

चौथा मार्ग परत वाचा. रुग्णाशी बोलणं. दिल्लीत बसून ज्यानं कोणी हे मानक लिहिलं, तो शहाणा माणूस होता. त्याच्या लक्षात होतं की दवाखान्यात रुग्णही असतो. त्याला हे ठाऊक नव्हतं, की त्याचं मानक आमच्या गावात पोचेल त्या दिवशी रुग्णाला "उद्या या" म्हणून सांगितलेलं असेल.

कायाकल्पानं काहीच झालं नाही, असं म्हणणारा मी नव्हे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या पीएचसीचं संडास ज्यानं पाहिलंय (वास घेतलाय म्हणू), तो असं म्हणणार नाही. आज संडासाला कडी आहे. कडी असणं ही बाईमाणसासाठी केवढी मोठी गुणवत्ता आहे, हे पुरुष तपासनिसाला शून्य-एक-दोनमध्ये कळायचं नाही. पूर्वी सुया, कापूस आणि सलाईनच्या बाटल्या एकाच उकिरड्यावर पडायच्या, त्यावर डुकरं असायची. आता पिवळी बादली रक्तानं भरलेल्या कापसाला, लाल प्लास्टिकच्या नळ्यांना, पांढरा डबा सुयांना, निळा काचेला. हे चांगलंच झालं. तक्रार एवढीच, की बादलीच्या रंगावरून जेवढी बैठक चालते, तेवढी बादलीपर्यंत पोचलेल्या माणसावरून चालत नाही.

आणि स्वच्छतेची स्पर्धा कोणाच्या जिल्ह्यात लावताय, हेही पाहा जरा. गाडगेबाबा अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. १९५६ साली त्यांनी देह ठेवला तोही वलगावजवळ, अमरावतीच्या उंबरठ्यावर. बाबा गावात शिरायचे ते हातात खराटा घेऊन, अवचित. दिवसा गल्ली झाडायची आणि रात्री कीर्तनात त्याच गल्लीतल्या लोकांची सालं काढायची. राज्य सरकारनं २०००-०१ साली त्यांच्याच नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, त्यात बक्षिसं ठेवली आणि तपासणीची तारीख आधी कळवली. गावोगाव खराटे विकत आणले गेले. फोटोसाठी.

*

स्वच्छता डोळ्यांना दिसते, म्हणून तिचं बरं. खरी गंमत रजिस्टरात आहे.

लसी ठेवायच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे आणि दिवसातून दोनदा वाचून लिहिलं पाहिजे. शेजारी तक्ता टांगलेला असतो. मी एकदा एका दवाखान्यात (याही दवाखान्याचं नाव नाही) वेळ जात नव्हता म्हणून तो तक्ता वाचत बसलो. महिनाभर, सकाळ-संध्याकाळ, ४ अंश. एकाच निळ्या पेनानं, एकाच बैठकीत घातल्यासारख्या ओळी. त्या महिन्यात वादळानं गावाची लाइट दीड दिवस गेली होती; माझ्या मेहुण्याच्या घरचं दूध नासलं होतं. फ्रिजच्या तक्त्यावर मात्र ४ अंश. आणि तारीख होती २६, तरी ३० तारखेपर्यंतचे रकाने भरलेले. हवामान खात्यालाही न जमलेला अंदाज.

दुसरा कागद पार्टोग्राफचा. नाव इंग्रजी, काम साधं. बाळंतिणीच्या कळा, गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, बाळाच्या काळजाचे ठोके, हे ठरल्या वेळेला टिंबांनी मांडत जायचं. कागदावर एक तिरपी सावधानतेची रेघ छापलेली असते. टिंबं रेघेच्या उजवीकडे सरकायला लागली, की समजायचं, बाळंतपण अडतंय, आता गाडी बोलवा. सगळी अक्कल त्या वेळेत आहे. आणि वऱ्हाडातल्याच काय, देशभरातल्या दवाखान्यांत हा कागद कित्येकदा बाळ जन्मल्यावर, बाळाला आंघोळबिंघोळ घालून झाल्यावर भरला जातो. टिंबं शिस्तीत रेघेच्या डाव्या बाजूनं चढतात. नोंदी चाळणारा तपासनीस २ गुण देतो. कागद पूर्ण आहे ना!

आता हाच कागद मेळघाटातल्या धारणीला नेऊन ठेवा. तिथून अडलेली बाई अमरावतीच्या डफरिनला, बायकांच्या दवाखान्यात, पाठवायची म्हणजे सेमाडोहचा घाट उतरून, परतवाड्यावरून सुमारे दीडशे किलोमीटर. सावधानतेची रेघ दोन तास उशिरा दिसली, तर ते दोन तास कुठून भरून काढणार? घाटातून तर नाही. तिथे रात्री अस्वलही वाट अडवतं.

'रेफर' हा शब्द त्यातूनच आमच्या बोलीत पक्का बसला. तेल्हाऱ्याच्या बाईला अकोल्याला रेफर केलं, अकोल्याहून नागपूरला रेफर केलं. वऱ्हाडी माणूस हा शब्द 'देवाघरी' या अर्थाच्या अलीकडे एक पायरी वापरतो. पीएचसीतली चोवीस तास, सातही दिवस, अखंड मिळणारी सेवा कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी हीच सांगेन.

अवेडिस डोनाबेडियन नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. जन्म बैरूतचा, घराणं आर्मेनियन, नोकरी अमेरिकेत. १९६६ साली त्यांनी लिहून ठेवलं, की आरोग्यसेवेचा दर्जा तीन ठिकाणी शोधावा : रचना, प्रक्रिया आणि परिणाम. म्हणजे इमारत-खाटा-माणसं, मग काम कसं होतं ते, मग रुग्णाचं काय झालं ते. साठ वर्षं जग या तीन शब्दांवर कॉन्फरन्सा भरवत आहे. आमच्याकडे रचनेला रंग दिला, प्रक्रियेचा कागद भरला आणि परिणामाला उद्या या म्हणून सांगितलं.

*

नावांचंही एक मजेशीर आहे. उपकेंद्र होतं, ते २०१८ नंतर 'आरोग्यवर्धिनी' झालं. २०२३ च्या शेवटी फर्मान आलं, आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणा. पाट्या पुसल्या, पाट्या रंगवल्या. रंगाऱ्याची प्रकृती सुधारली. लोक म्हणतात 'सरकारी दवाखाना'. अमरावतीचं जिल्हा रुग्णालय अजून 'इर्विन' आहे, बायकांचं 'डफरिन', अकोल्याचं 'लेडी हार्डिंग'. व्हॉइसरॉय आणि व्हॉइसरॉयांच्या बायका जाऊन पाऊण-एक शतक उलटलं, तरी रिक्षावाल्याला इर्विनच सांगावं लागतं. मंदिर म्हटलं तर तो अंबादेवीला नेऊन सोडेल.

*

पण मी हे का लिहितोय? बैल, बादल्या आणि पाट्या यांची टिंगल कोणीही करेल. मला खरं बोलायचंय ते झडतीबद्दल.

झडती या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ. पोलिस घर उलथंपालथं करून घेतात ती एक झडती. दुसरी झडती पोळ्याची, आणि ती फक्त आपल्या विदर्भाच्या मातीत उगवते. तोरणाखाली बैल उभे असतात, तोरण तुटायचं असतं, आणि तेवढ्या वेळात कोणीतरी खड्या आवाजात यमक जुळवून एकेकाला घेतो. पाटलाला, सावकाराला, भावाला, सरकारला. वर्षभर ज्याच्यापुढे टोपी काढून उभं राहावं लागलं, त्याची त्या दिवशी सगळ्या गावादेखत टोपी उडते. आणि त्यानं हसायचं असतं. राग मानला तर तो गावाबाहेरचा.

आरोग्य खात्यानं पहिली झडती उचलली आणि दुसरी विसरलं. खरं म्हणजे दुसरीही एकदा झाली होती. आणि कुठे झाली होती? आमच्याच जिल्ह्यात.

त्यासाठी जरा मागं जावं लागेल. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. मंत्री आले, हेलिकॉप्टरं आली, १९९५ ला 'नवसंजीवनी योजना' आली. सरकारी कागदावर आकडे सुधारूही लागले. मग २००१ साली डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' आणि तेरा स्वयंसेवी संस्थांनी एक साधीच गोष्ट केली. निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत घरोघर जाऊन जन्म आणि बालमृत्यू मोजले. अहवालाचं नाव 'कोवळी पानगळ'. त्यांचा अंदाज निघाला, महाराष्ट्रात वर्षाला १ लाख ७५ हजार बालमृत्यू. सरकारी वहीत त्यातले कितीतरी नव्हतेच. पोर मेलं होतं, पण रजिस्टरात मेलं नव्हतं. फ्रिजच्या तक्त्यावरचे ४ अंश आठवा. शेवटी सरकारनं बंगांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. चोर पकडून देणाऱ्यालाच कोतवाल केलं म्हणायचं, आणि हे मी कौतुकानं म्हणतोय.

मग २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. त्याच्या कागदपत्रांत एक फार मोठी गोष्ट बारीक अक्षरात होती : दवाखान्यावर देखरेख लोकांनी करावी. २००७ मध्ये महाराष्ट्रात ती पाच जिल्ह्यांत सुरू झाली. पुणे, ठाणे, नंदुरबार, उस्मानाबाद आणि आपली अमरावती. राज्याची सूत्रं पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे, मेळघाटात 'खोज'. नाव 'लोकाधारित देखरेख'. पैसा सरकारचाच, आणि खडे बोलही सरकारलाच. असला उद्योग सरकारनं स्वतः होऊन करावा, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. बहुधा बारीक अक्षर कोणी वाचलं नसावं.

पद्धत पोरखेळासारखी सोपी. गावात बसायचं. नर्स बाई येते का? डॉक्टर भेटतो का? औषध मिळतं की बाहेरून आणायला चिठ्ठी लिहून देतात? बाळंतपणाला पैसे मागितले का? लस वेळेवर मिळते का? प्रत्येक प्रश्नाला गावानंच रंग द्यायचा. बरं असेल तर हिरवा, अर्धंमुर्धं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. हे झालं गावाचं प्रगतिपुस्तक. मग पीएचसीचं, मग तालुक्याचं. मेळघाटातल्या कोरकू माणसाला, ज्याला मराठी वाचता येत नाही आणि बऱ्याचदा बोलताही येत नाही, त्यालाही लाल रंग वाचता येतो.

त्यानंतर जनसुनवाई. मांडवात एका बाजूला डॉक्टर, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्ह्याचे साहेब. समोर सतरंजीवर गावं. मधे लाल-पिवळे-हिरवे कागद. आणि बाई उठून उभी राहते. तिला विचारायचं असतं, की त्या दिवशी कुलूप का होतं. साहेबांना उत्तर तिथेच द्यावं लागतं, सगळ्यांदेखत. डॉक्टरांनाही तिथे बोलायला मिळायचं बरं का. पद रिक्त आहे, गाडीला डिझेल नाही, क्वार्टर गळतं, हे साहेबांच्या तोंडावर सांगायला त्यांना तरी दुसरी जागा कुठली?

ही झाली झडती. पोळ्याची. तारीख लोकांना ठाऊक, तोरण लोकांचं, आणि ज्याची टोपी उडाली त्यानं हसून दुसऱ्या दिवशी काम करायचं.

सगळं सोन्यासारखं झालं, असं मी म्हणणार नाही. काही साहेब जनसुनवाईला आलेच नाहीत, काही रागावून गेले. लोकांना पगारी नोकराला प्रश्न विचारायची सवय नव्हती आणि नोकराला ऐकायची. तरी कुठे कुलूप उघडलं, कुठे बाहेरची चिठ्ठी बंद झाली, कुठे घेतलेले पैसे परत गेले. पुढे हा कार्यक्रम आणखी जिल्ह्यांत गेला, त्याच्या नावाला 'नियोजन' हा शब्दही जोडला गेला, आणि मग निधीवर येऊन अडखळला. आज पीएचसीच्या भिंतीवर सेल्फी पॉइंट दिसतो. लाल-पिवळा-हिरवा तक्ता मला तरी दिसलेला नाही.

मेळघाटातल्या कुपोषणाच्या याचिका २००७ पासून उच्च न्यायालयात चालूच आहेत. दर काही महिन्यांनी न्यायाधीश ताशेरे ओढतात, दर काही महिन्यांनी सरकार प्रतिज्ञापत्र देतं. त्या काळात जन्मलेली पोरगी आता स्वतः आई झाली असेल.

मधे हरिसालचाही प्रयोग झाला. धारणी तालुक्यातलं गाव, मायक्रोसॉफ्टची साथ, २०१६ च्या सुमारास देशातलं पहिलं म्हणवलेलं डिजिटल गाव. टेलिमेडिसिन येणार, तज्ज्ञ डॉक्टर पडद्यावर दिसणार. २०१९ च्या निवडणुकीत त्याच हरिसालचं काय झालं, ते राज ठाकरे यांनी सभेत व्हिडिओ लावून दाखवलं. रुग्णाला डॉक्टर पडद्यावर दिसला की नाही ते जाऊ द्या, रुग्णाचं गाव मात्र सगळ्या महाराष्ट्राला पडद्यावर दिसलं.

*

एनक्वासमध्ये रुग्णाशी बोलायचं असतं, हे वर आलंच आहे. मेळघाटात ते कसं बोलणार, हा माझा बाळबोध प्रश्न. कोरकू ही मराठीची बहीण नाही, हिंदीची मावशी नाही. तिचे नातलग मुंडारी आणि संथाळी, तिकडे झारखंडात. तपासनीस पुण्या-मुंबईचा. मग दुभाष्या कोण? आशाताई. म्हणजे त्याच दवाखान्याची, त्याच सिस्टरच्या हाताखालची, कामावर मोबदला मिळणारी बाई.

"यांना सेवा कशी वाटते, विचारा."

आशाताई विचारते. बाई दोन मिनिटं हातवारे करून बोलते. पोटाकडे दाखवते, रस्त्याकडे दाखवते, डोक्याला हात लावते.

"काय म्हणाल्या?"

"चांगली वाटते म्हणे, सर."

आमच्या आत्याकडूनही महिन्यापूर्वी असाच एक कागद भरून घेतला होता. पाच गुणांच्या मापावर समाधान सांगायचं. केसपेपरवाल्या पोरानं स्वतःच पाचावर गोल केले आणि म्हणाला, आजी, इथं सही. आत्यानं विचारलं, "हे कायचं हाये?" तो म्हणाला, "तुमी खुश हाये म्हणून." आत्या म्हणाली, "असं काय? मले कोनी सांगितलंच नाही."

*

नियोजनाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते फारसं होतही नाही. दरवर्षी खालून वर आराखडा जातो, असं पुस्तकात लिहिलंय. प्रत्यक्षात वरून एक एक्सेलचा तक्ता येतो, त्यात मागच्या वर्षीचा आकडा थोडा फुगवून टाकतात आणि खालून वर पाठवतात. पीएचसीच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे अभियानाचे पैसे वर्षाला १ लाख ७५ हजार रुपये. रुग्ण कल्याण समितीनं बसून ठरवायचं, कशाला लागतात. (हाच आकडा वर एका अहवालात येऊन गेला. तिथे रुपये नव्हते.) समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मी एकदा वाचलं होतं. तीन ठराव : पडदे, कुंड्या, सरबराई.

खारपाणपट्ट्यातल्या गावाला विचारलं असतं तर त्यानं पहिल्यांदा पाणी सांगितलं असतं. पूर्णेच्या काठची ही जमीन, खाली खारं पाणी, पिढ्यान्‌पिढ्या तेच पोटात गेलेलं, घराघरात किडनीच्या तक्रारी. अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणाचं पाणी आणायला ८४ खेडी योजना काढावी लागली ती याच पायी. आणि दुसरी गोष्ट उन्हाची सांगितली असती. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात उन्हामुळे जमावबंदी लागली होती. जमावबंदी! इतर गावांत दंग्याला लागते, आमच्याकडे सूर्याला. त्या वर्षी उष्माघात कक्षाची पाटी आत्याच्या पीएचसीतही लागली होती. खोलीत एक खाट आणि एक कूलर होता. कूलरात पाणी भरायचं कोणी, यावर मे संपला.

*

पोळ्याच्या दिवशी मी आत्याकडेच होतो. तोरणाखाली शेजारच्या काकांनी यंदा दवाखान्यावर झडती सोडली. त्यांची परवानगी काढून देतो :

दारात रांगोई, भिंतीले रंग,
बादल्या पाहून सायेब दंग;
सायबाची गाडी गेली नाल्याच्या पार,
अन् मांगून लागलं दवाखान्याचं दार!

गर्दीत सिस्टर होती. ती सगळ्यात मोठ्यांदा हसली. मग काकांना म्हणाली, "दादाजी, अजून एक म्हना ना. माह्या रिकाम्या जागेवर दुसरी सिस्टर कधी येते, त्याच्यावर." काकांना यमक सुचलं नाही.

तपासणीचा निकाल आला. ८१ टक्के.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याच्या ओसरीवर बसलो होतो. भिंतीवर कॅलेंडर. तारखांवर स्केचपेनच्या फुल्या. मला वाटलं, गाय व्याल्याचा हिशोब. आत्या म्हणाली, नातवाचे पेन आहेत, ज्या दिवशी दवाखान्यात जाते त्या दिवशी फुली मारते. गोळ्या मिळाल्या तर हिरवी, नाही मिळाल्या तर लाल. तपासणीच्या दिवशी लाल होती. दुसऱ्या दिवशी हिरवी, पण तिच्यापुढे तिनं '१०' लिहिलं होतं, म्हणजे तीसच्या जागी दहाच गोळ्या मिळाल्या. मग दहा दिवसांनी पुन्हा लाल. तिला मेळघाट माहीत नाही, जनसुनवाई माहीत नाही, मी त्याबद्दल लिहितो हेही माहीत नाही.

म्हटलं, "आत्या, दहाच भेटल्या त्या दिवशी पिवळी फुली पायजे होती. अर्धंमुर्धं काम झालं ना."

"पिवळा पेन वाळला बाप्पा," आत्या म्हणाली. "अन् लागत बी नाही. गोळी तोंडात गेली तं गेली, नाही तं नाही."